एकाच शालूचे दोन रंग: सोनी विकून सगळं कॅनन करू का?

मिरजेचा फोटूवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी मिरजेत लग्नाचे फोटो काढतो, बारा वर्षं झाली. २०१९ पासून हातात सोनी ए७ थ्री आहे. जोडीला मावसभाऊ असतो, त्यानं गेल्या दिवाळीला कॅनन आर६ मार्क टू घेतला. तो कॅन्डिड बघतो. माझ्याकडं ट्रॅडिशनल, म्हणजे मामा मुलीला बोहल्यावर आणतो तिथपासून 'ओ फोटोवाले, आत्याबरोबर एक राहिला' इथपर्यंत सगळं.

गेल्या महिन्यात एक अल्बम दिला, १२ बाय ३६चा. चार दिवसांनी मुलीच्या आईंचा फोन. "दादा, फोटो झकास आलेत. फक्त एक विचारायचं होतं. आमच्या पोरीनं सप्तपदीत मध्येच शालू बदलला का हो?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. फाईल उघडली. एका स्प्रेडवर (समोरासमोरची दोन पानं) डावीकडं माझा फोटो, उजवीकडं भावाचा. माझा तिसऱ्या पावलाचा, त्याचा चौथ्या. एकात शालू वांग्यासारखा जांभळा, दुसऱ्यात नीळ जास्त पडल्यासारखा. आणि एकदा शालूकडं लक्ष गेल्यावर चेहरेही दिसायला लागले. एकात नवरी गुलाबी, दुसऱ्यात कावीळ झाल्यागत. आईंनी तेवढं बोलून दाखवलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

कोणत्या कॅमेऱ्यात कोणता रंग आला ते मुद्दाम लिहीत नाही. इथं ब्रँडवरून मागं जी धुळवड झाली ती मी बघितली आहे.

आता परिस्थिती सांगतो. दोघांचेही फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं रंग न शिजवलेली कच्ची फाईल. दोघांचाही व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेड कसाही असो पांढऱ्याला पांढरं ठेवायची सेटिंग, ऑटो. कार्यालयात वर पांढऱ्या ट्यूब, स्टेजवर पिवळे हॅलोजन, डेकोरेशनवाल्याचे गुलाबी-जांभळे एलईडी पार (झोताचे दिवे), आणि एका अंगाला सताड उघडी दारं, त्यातून दुपारचं ऊन आत. एडिटिंग ॲडोबीच्या लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये. भावानं एक प्रिसेट, म्हणजे रंगांची तयार सेटिंग, विकत घेतला होता, तो दोघांच्या फोटोंवर सरसकट मारला.

भाऊ म्हणतो, सोनी विक, दोघंही कॅननवर येऊ. दुकानदार निकॉन झेड६ थ्री हातात देतोय. पुतण्या म्हणतो, काका फुजी घ्या, रंग आतूनच तयार होऊन येतात. माझ्याकडं सोनीच्या दोन चांगल्या लेन्स आहेत, २४-७० आणि ८५. त्या मोडीत काढायच्या म्हटलं की पोटात गोळा येतो. नुसत्या रंगासाठी ब्रँड बदलावा का? ज्यांनी दोन-तीन कंपन्यांच्या बॉडी खरोखर वापरल्या आहेत त्यांनी सांगा.

आर५वाला

कॅनन घ्या, विषय संपला. बाकी चर्चा आषाढात करू, मुहूर्त नसतात तेव्हा.

डार्करूम आबा

आर५वाल्यांचं हे बोलणं ऐकून बरं वाटलं. नव्वदच्या आसपास साताऱ्यात आम्ही असंच भांडायचो, फक्त रोलवरून. कोडॅक ऊबदार, फुजीत हिरवा खुलतो, कोनिका परवडते म्हणून. कॅमेरा कोणताही असो, रंग रोलचा आणि लॅबवाल्याच्या हाताचा. आता रोल बॉडीत जाऊन बसलाय आणि लॅबवाला तुमच्या लाइटरूममध्ये. तुम्ही पकडलंय बॉडीला, लॅबवाला मोकळाच फिरतोय.

सेन्सरला रंग कळत नाही, उजेड किती पडला तेवढंच कळतं. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर एक रंगीत गाळणी बसवतात: दर चारांत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची ही युक्ती, पेटंट १९७६चं. फुजीच्या एक्स-ट्रान्समध्ये हीच मांडणी सहा बाय सहाच्या चौकटीत वेगळी लावलेली असते, रंग तेच तीन. रॉ फाईल म्हणजे या गाळण्यांखाली जमलेले आकडे. त्या आकड्यांचं कुंकू कसं करायचं आणि गाल कसे करायचे, ते प्रोफाइल ठरवतं. कॅमेऱ्यातून निघणाऱ्या जेपेगमध्ये ते प्रोफाइल कंपनीचं असतं. लाइटरूममध्ये रॉ उघडलात की आपसूक लागतं ते 'ॲडोबी कलर', २०१८मध्ये आलेलं. म्हणजे तुम्ही जो रंग बघून बॉडी विकायला निघालात तो सोनीचाही नाही आणि कॅननचाही नाही. ॲडोबीनं त्या त्या बॉडीसाठी केलेला अर्थ, आणि त्यावर भावाचा प्रिसेट. तो प्रिसेट कुणीतरी एका बॉडीवर, एका उजेडात बनवला असणार. दुसऱ्या बॉडीला तो दुसऱ्याच्या मापाचा सदरा.

निकॉनच्या बऱ्याच बॉडींत आणि फुजीत सेन्सर सोनीच्या कारखान्यातला असतो. तरी तिघांचे जेपेग शेजारी मांडले तर तीन तऱ्हा दिसतात. सेन्सरच रंग ठरवत असता तर असं झालं नसतं.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला म्हणजे प्रत्येक क्लिकला नवा अंदाज. शिवाय ऑटोतही पोटभेद आहेत. एक प्रकार दिव्यांचा पिवळेपणा राखतो, दुसरा पांढऱ्याला पांढरंच करून सोडतो. हा पर्याय तुमच्याही मेनूत आहे आणि भावाच्याही. दोघांचा वेगवेगळा असेल तर नवरी एकीकडं गुलाबी आणि एकीकडं पिवळी होणारच. दोघांनी हातानं ५००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) लावलं तरी तंतोतंत जुळत नाही, कारण प्रत्येक कंपनीचं ५००० थोडं इकडंतिकडं असतं. उपाय जुनाच आहे, ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायला धरायचा राखाडी पुठ्ठा. मुहूर्ताआधी स्टेजवर एक फोटो दोघांनीही काढायचा. उजेड बदलला की पुन्हा.

एलईडी पारची आणखी एक गोम. ते लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर बरेच दिवे आटोक्यात येतात. १/५००वर ओळीनं पाच फोटो काढा, पाचांचा रंग वेगळा येऊ शकतो, आणि तेही एकाच बॉडीतून.

राहिला जांभळा. इथं मात्र मी बॉडीला थोडा दोष देईन. जांभळ्याच्या टोकाला प्रत्येक कंपनीची लाल गाळणी वेगळी वागते. शिवाय काही रंगवलेली कापडं डोळ्याला न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा उजेड भरपूर परत फेकतात. सेन्सरपुढची काच तो किती अडवते त्यावर रंग सरकतो. २००६मध्ये लायकाच्या एम८ला हे भोवलं. काळे सिंथेटिक कपडे जांभळट यायचे, शेवटी कंपनीनं गिऱ्हाइकांना फिल्टर फुकट दिले. फिल्मलाही हा रोग होता. गारवेलीचं निळंशार फूल माझ्या स्लाइडवर गुलाबट यायचं. चार रोल मी लॅबवाल्याशी भांडण्यात घालवले, आणि चूक त्या बिचाऱ्याची नव्हतीच.

तेव्हा विकायच्या आधी हे करा. दोन्ही बॉडी शेजारी, एकच उजेड, मॅन्युअल एक्स्पोजर, ग्रे कार्ड. कुणाकडून २४ ठरावीक रंगांच्या चौकोनांचं कलरचेकर मिळालं तर दोन्ही बॉडींची स्वतंत्र प्रोफाइल बनवा. (तेही १९७६चंच. ते वर्ष रंगवाल्यांना लाभलं.) मग काय उरतं ते इथं लिहा.

कासचा वाटसरू

पुतण्याच्या बाजूनं आणि विरुद्ध, दोन्ही लिहितो. माझ्याकडं फुजी एक्स-टी५ आहे, आणि मी तो जेपेगसाठीच घेतला. प्रोव्हिया, अस्टिया, क्लासिक क्रोम ही सिम्युलेशनं, म्हणजे रोलच्या धर्तीवरचे तयार रंग, खरोखर सुंदर आहेत, एडिटिंगचा रविवार वाचतो. पण तुम्ही रॉ काढून वर प्रिसेट मारणार असाल तर फुजीचे पैसे वाया.

दुसरं असं की प्रत्येक सिम्युलेशनला स्वतःची आवड असते. भाद्रपदात कासला तेरड्यावर मी व्हेल्व्हिया लावलं. सगळा उतार एकाच गुलाबी रंगात न्हाला, पाकळी कुठं संपते आणि शेजारची कुठं सुरू होते तेच कळेना. तेच फोटो रॉवरून अस्टियात काढले तर फुलं सुटी झाली. लग्नात क्लासिक क्रोम लावाल तर हिरवा चुडा शेवाळी दिसेल आणि पुन्हा आईंचा फोन येईल.

सोनकीच्या पिवळ्या फुलांवरून शिकलेली एक गोष्ट हळदीला कामाला येईल. गर्द पिवळ्यात लाल चॅनेल सगळ्यांत आधी फुटतो, म्हणजे काठोकाठ भरून तपशील जातो, आणि निळा जवळजवळ रिकामा असतो. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) सगळं ठीक असल्याचं दाखवत राहतो. लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा आणि गरज पडली तर दोन तृतीयांश स्टॉप खाली या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एकदा फुटलेली हळद कुठल्याच कंपनीच्या रॉमधून परत येत नाही, गालावर पिवळा प्लास्टिकचा कागद चिकटवल्यासारखी राहते.

आणि अंधाऱ्या कार्यालयाचा हिशोब वेगळा. फुजीचा सेन्सर तुमच्यापेक्षा लहान, क्षेत्रफळात सव्वादोन पट फरक. त्याच एफ-नंबरला एक स्टॉपपेक्षा थोडं जास्त नुकसान धरून चाला. आयएसओ ६४००ला सावलीतल्या कातडीचा रंग आधी जातो, तपशील नंतर.

येवलेकरीण

मी फोटो काढत नाही, अल्बम डिझाइन करते. माहेर विणकरांचं. वरचं सगळं वाचलं, आणि मला एकच प्रश्न पडला जो कुणीच विचारला नाही.

तुम्ही शालू म्हणताय तो बनारसी शालू आहे की पैठणी? पदरावर मोर आणि काठ नारळी असेल तर पैठणी. घरोघरी सगळ्यालाच शालू म्हणतात, म्हणून विचारलं. आणि पैठणी असेल तर धूपछाव आहे का? म्हणजे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या. लाल ताण्यात निळा बाणा घातला की लांबून जांभळं दिसतं. पण एका अंगानं बघितलं तर लालसर, दुसऱ्या अंगानं बघितलं तर निळं. दुकानात पैठणी हातावर घेऊन हलवून दाखवतात ती त्याचसाठी.

सप्तपदीला तुम्ही कुठं उभे होतात आणि भाऊ कुठं?

आता माझ्या टेबलावरचं गाऱ्हाणं. दोन कॅमेऱ्यांचे फोटो येतात तेव्हा रंगाआधी घड्याळ रडवतं. एकाचं घड्याळ अकरा मिनिटं पुढं असलं की कन्यादानाआधी सप्तपदी होते. निघण्याआधी दोन्ही बॉडींची वेळ जुळवा, पाच सेकंदांचं काम आहे. दुसरं, फाईल एसआरजीबी या नेहमीच्या रंगव्याप्तीत द्या. कुणीतरी सांगितलेलं असतं की ॲडोबी आरजीबी भारी, मग लॅबचं मशीन ती प्रोफाइल वाचत नाही आणि कुंकू विटकरी होऊन छापलं जातं. शिव्या कॅमेऱ्याला.

मेगापिक्सेलचं विचारलं नाहीत, तरी दुकानदार आता ते सुरू करेल म्हणून सांगते. तुमच्या अल्बमचं एक पान १२ बाय १८. ३०० डीपीआयनं ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. तुमच्या दोघांच्याही बॉडी ६००० बाय ४०००च्या आहेत, पान भरून वर उरतं. ए७ फोरचे ३३ किंवा एक्स-टी५चे ४० मेगापिक्सेल फोटो कापायला सोयीचे, छापल्यावर फरक मला भिंग लावूनच दिसतो.

मिरजेचा फोटूवाला

आठ दिवसांनी येतोय, क्षमस्व. मध्ये दोन मुहूर्त होते.

आबांनी सांगितलं तसं रविवारी अंगणात सगळं मांडलं. दोन ट्रायपॉड, दोघांच्या ८५, १/२००, एफ४, आयएसओ ४००. बायकोच्या हातात ग्रे कार्ड दिलं तर म्हणाली, यावर नंबर पण लिहा, म्हणजे पोलीस ठाण्यात लावता येईल. कलरचेकर सांगलीतल्या एका मित्राकडून दोन दिवसांसाठी आणलं होतं.

पहिलीच गंमत अशी की आकडे तेच असून एक फोटो दुसऱ्यापेक्षा साधारण तृतीयांश स्टॉप उजळ. आबा, हे तुम्ही सांगितलं नव्हतं. नुसतं ते सारखं केलं तरी गालाच्या रंगातला निम्मा वाद मिटला. उजळ चेहरा गुलाबी वाटतो आणि तोच जरा दबला की पिवळट. मग ग्रे कार्डावर क्लिक केलं, प्रिसेट काढून फेकला, दोन्हींना आपापलं 'कॅमेरा स्टँडर्ड' लावलं. कॅननचा लाल किंचित केशरीकडं झुकतो, सोनीचा सावलीचा भाग किंचित थंड, असं मला वाटलं. कलरचेकरची प्रोफाइल लावल्यावर तेही सांगता येईना. चार प्रिंट काढून मागं पेन्सिलनं नावं लिहिली आणि आईला विचारलं, कोणता चांगला? तिनं जिच्यात सून हसत होती तो उचलला. शेजारच्या काकूंनीही तोच.

भाऊ अजून म्हणतो कॅननचा ओळखू येतो. तीनदा विचारलं, दोनदा चुकला.

मग शालू. येवलेकरीण ताई, तुमचा प्रश्न वाचून मी खुर्चीतच सरळ झालो. त्या दिवशी मी उघड्या दारांकडं पाठ करून उभा होतो आणि भाऊ होमाच्या पलीकडं, माझ्या समोर. म्हणजे आम्ही त्या साडीच्या दोन अंगांना होतो, आणि ऊन एकाच अंगाला.

मुलीच्या आईंना फोन केला, साडी बघायला येऊ का म्हणून. त्यांना वाटलं अल्बमचे पैसे राहिलेत. गेलो. त्यांनी कपाटातून मलमलीत गुंडाळलेली घडी काढली. पदरावर मोर, काठ नारळी. शालू नव्हेच, पैठणीच. खिडकीपाशी खाटेवर पसरली आणि मी एकच कॅमेरा काढला. डावीकडून एक, उजवीकडून एक. बॉडी तीच, लेन्स तीच, व्हाइट बॅलन्स तोच. मागच्या स्क्रीनवर एक फोटो वांगी आणि दुसरा निळा. आईंना दाखवला. त्यांनी साडीचं टोक उचलून स्वतः या कुशीवरून त्या कुशीवर फिरवलं आणि म्हणाल्या, "दुकानात त्यानं हेच करून दाखवलं होतं बघा, म्हणून तर घेतली."

नंतर दोन्ही बॉडी एकाच जागेवरून लावून बघितल्या. फरक उरतो, आबा म्हणतात तो, पण इतका बारीक की लाइटरूममध्ये जांभळ्याचा ह्यू (छटा) चार-पाच घर सरकवला की संपला. आबांच्या गारवेलीला तेवढा मान.

तेव्हा सोनी विकत नाही. दुकानदाराला नमस्कार. झेड६ थ्री हातात छान बसतो, व्ह्यूफाइंडर फारच लख्ख आहे, वेग भरपूर. पण त्या वेगासाठी केलेल्या सेन्सरमुळं कमी आयएसओला सावल्या उचलताना तो जुन्या झेड६ टूपेक्षा किंचित मागं राहतो, आणि मला तर मंडपातल्या सावल्याच उचलायच्या असतात. कलरचेकर मात्र स्वतःचं मागवलं. मित्र रोज विचारतोय.

निघताना आईंनी चहा दिला. म्हटलं, बघा, कॅमेऱ्याची चूक नव्हती, साडीच तशी आहे. त्या म्हणाल्या, "ते कळलं दादा. पण चेहरा पिवळा आलाय तो साडीमुळं का?"

डार्करूम आबा

तृतीयांश स्टॉपचं राहून गेलं खरं. लेन्समधून प्रत्यक्ष किती उजेड पार होतो तो प्रत्येकीचा निराळा, आणि आयएसओचे आकडेही कंपनीगणिक थोडे सैल. माझ्या वेळी हातातलं मीटर होतं, त्यावर विश्वास ठेवायचो. पानं बदलून देताय ना?

आर५वाला

थोडक्यात, कॅनन घेत नाही.

मिरजेचा फोटूवाला

देतोय आबा, चार स्प्रेड, आमच्या खर्चानं. भावाच्या वाट्याचे दोन त्याच्या पैशातून. ताई, फाईल तुमच्याकडं पाठवू का?

येवलेकरीण

पाठवा. घड्याळं जुळवून.